रंगाचा डबा उघडण्याआधी: पुण्यात आपल्या गल्लीत सार्वजनिक कलेचं काम हाती घेणाऱ्यांसाठी

दर वर्षी दिवाळी झाली की मला असे दोन-तीन फोन येतात. कुणी कोथरूडहून करतं, कुणी धनकवडीहून, कुणी पेठेतूनच. “आमच्या कोपऱ्यावरची भिंत फार घाण झालीय, तिथं चित्रं काढायचीत. रंग कुठला घ्यायचा?” रंगाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण मी ते लगेच देत नाही. रंगापासून सुरुवात केलेली आमची पहिली भिंत फसली होती आणि ती का फसली हे नीट कळायला मला वर्ष लागलं.

एका बोळातली ती लांबलचक भिंत होती. आम्ही आठ-दहा जण, सगळे हौशी. दोन शनिवार-रविवारांत चित्र पुरं केलं. पेशवाईतली मिरवणूक, हत्ती, अंबारी, भालदार-चोपदार. फोटो छान आले. त्या भिंतीच्या टोकाला चपला-बूट शिवणारे एक काका बसायचे. वर काळी छत्री, पुढ्यात लाकडी पेटी, बाजूला पाण्याचा डबा. रंगकामापुरतं दोन दिवस जरा पलीकडे बसा, असं आम्ही त्यांना सांगितलं. दोन दिवसांनी ‘आता चित्रासमोर कुणी नको, भिंत झाकली जाते’ असं काही जणांचं म्हणणं पडलं. आम्ही गप्प बसलो. काका परत आलेच नाहीत. महिनाभरात त्या टोकाला कचऱ्याच्या पिशव्या पडायला लागल्या, कारण दिवसभर तिथं बसणारं, टाकणाऱ्याला हटकणारं माणूस आम्हीच घालवलं होतं. जूनमध्ये हत्तीच्या पोटावर फुगे आले. गणपती येईपर्यंत निम्मी अंबारी गळून पडली.

पुढे लिहिलेली सगळी पद्धत त्या भिंतीतून आली आहे.

शब्द नवा, गोष्ट आपलीच

‘प्लेसमेकिंग’ हा शब्द ऐकून बिचकू नका. वापरात नसलेली किंवा नुसती ओलांडून जायची जागा लोकांना थांबावंसं वाटेल अशी करणं, एवढाच त्याचा अर्थ. पिंपळाचा पार, वाड्याचा ओटा, कॉलेजचा कट्टा या आपल्याकडच्या अशाच जागा. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट या अभ्यासकानं चौकांत कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते तासन्‌तास पाहिलं. निष्कर्ष अगदी साधा निघाला: जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. त्याच विचारातून १९७५ मध्ये तिथे ‘प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस’ ही संस्था उभी राहिली आणि हा शब्द जगभर पोचला.

पुणेकरांना तर रस्त्यावर कला मांडायची सव्वाशे वर्षांहून जास्त सवय आहे. १८९३ मध्ये लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चळवळीचं रूप दिलं, भाऊसाहेब रंगारींच्या गणपतीची परंपरा १८९२ पासून सांगितली जाते. तेव्हापासून गल्लीगल्लीत मांडव पडतो, देखावा उभा राहतो, वर्गणी जमते, हिशोब लागतो. डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकारानं तुळशीबागेच्या गणपतीची सजावट केली, म्हणजे कलाशाळेतला माणूस आणि मंडळाचा कार्यकर्ता यांचं नातंही जुनंच. सार्वजनिक कलेचं काम करायला निघालेल्या नव्या माणसानं आधी आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांशी दोस्ती करावी असं मी कळकळीनं सांगते. वायरमन कोण, परांची कुणाकडे मिळते, चौकीत कुणाशी बोलायचं, कुठल्या घराची बेल वाजवली की दार उघडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

काम सुरू करण्याआधी एक-दोन फेऱ्याही मारा. चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकारानं कसबा पेठेच्या गल्ल्यांमधल्या भिंतींवर चित्रं झाली, तिकडे चक्कर टाका आणि जाताना तांबट आळीतून जा. हातोडीचा ठोका ऐकला की या शहरात हातानं काम करणारी माणसं अजून आहेत याची आठवण राहते. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर एक संध्याकाळ नुसतं बसा, कुठला बाक रिकामा राहतो ते बघा. ११ डिसेंबरला, पादचारी दिनाला, लक्ष्मी रस्त्यावर जा. २०२१ पासून त्या दिवशी तिथल्या काही भागात वाहनं बंद ठेवण्याचा उपक्रम महापालिकेनं सुरू केला. गाड्या नसल्या की तोच रस्ता किती वेगळा वागतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

पहिली पायरी: आठवडाभर जागेवर उभं राहा

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. टाळू नका.

एक वही घ्या. सात दिवसांत वेगवेगळ्या वेळी, दर खेपेला किमान दहा मिनिटं, त्या कोपऱ्यावर थांबा आणि दिसेल ते लिहा. माझ्या दुसऱ्या भिंतीच्या वहीतलं एक पान असं आहे: पहाटे ५:१० दुधाचे क्रेट उतरतात, भिंतीला टेकवून ठेवतात. ६:४५ शाळेच्या व्हॅनची वाट बघत तीन आया, एक आजोबा. बसायला काही नाही, आजोबा स्कूटरच्या सीटला टेकतात. ११ नंतर भिंतीवर थेट ऊन, चिटपाखरू नाही. १:१५ दोन रिक्षावाले पलीकडच्या सावलीत डबा खातात. ४ वाजता पेरूची हातगाडी, एक चाक कायम त्याच खड्ड्यात अडकवून ठेवतात. ६:३० शाळकरी मुलं, क्रिकेट, भिंतीवर कोळशानं काढलेले स्टंप. ९ नंतर दुचाक्यांची रांग. १०:३० दिवा बंद, एकही बाई नाही.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची ठरली. कोण येतं हे सगळेच बघतात. कोण येत नाही, आणि कुठल्या वेळेनंतर येत नाही, तेही लिहा. त्या जागेला चित्राच्या आधी दिवा हवा होता. क्षेत्रीय कार्यालयात विद्युत विभागाकडे अर्ज दिला, दोन वेळा पाठपुरावा केला, दिवा लागला. आमच्या कामाचा पहिला ब्रश पडण्याआधीच रात्री नऊ वाजता तिथे बायका बोलत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या.

सात दिवसांत एक रविवार आलाच पाहिजे. जमलं तर एक पावसाचा दिवसही. पाणी कुठून गळतं, कुठे साचतं, हे कोरड्या दिवसात कळत नाही.

दुसरी पायरी: भिंत कुणाची?

‘ती सार्वजनिकच आहे’ हे उत्तर चालत नाही. प्रत्येक भिंतीला मालक असतो. सोसायटीची असेल तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि लेटरहेडवर पत्र घ्या. चेअरमन तोंडी ‘करा की’ म्हणतात, पुढच्या निवडणुकीत चेअरमन बदलतात आणि नवीन समिती चुना फासते. वाड्याची भिंत असेल तर मालक आणि भाडेकरू दोघांशी बोला. बऱ्याच वाड्यांचे दावे कोर्टात चालू असतात आणि तुमचं चित्र नकळत एका बाजूचं होऊन बसतं. शंका असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा.

महापालिकेची भिंत असेल तर आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात जा. पुण्यात अशी १५ कार्यालयं आहेत. रस्त्यालगतची भिंत पथ विभागाकडे, बागेची उद्यान विभागाकडे, फलक किंवा जाहिरातीचा संबंध आला की आकाशचिन्ह विभाग. लष्कर भागात किंवा खडकीत असाल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं, निगडी-चिंचवडला महापालिकाच वेगळी. महावितरणच्या डीपी बॉक्सवर, म्हणजे रस्त्याकडेच्या वीजवाटपाच्या पेटीवर, परस्पर काही रंगवू नका. परवानगी मिळाली तरी धोक्याची पाटी आणि बॉक्सचा नंबर उघडा ठेवावा लागतो. महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे, त्यामुळे लेखी परवानगी नसलेलं सुंदर चित्रही कायद्याच्या नजरेत अडचणीत येतं.

अर्ज एका पानाचा करा. जागेचा फोटो, लांबी-उंची, छोटं रेखाटन, कामाच्या तारखा, जबाबदार दोन व्यक्ती, आणि पुढे देखभाल कोण करणार ते. शेवटचा मुद्दा असला की अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो, हा माझा अनुभव आहे. अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. ती पोच नसेल तर तुमचा अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

जुन्या वास्तूबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. काळ्या दगडाच्या भिंतीवर रंग लावू नका. कुणी परवानगी दिली तरी लावू नका. दगडाच्या सांध्यांतला चुना श्वास घेतो. वरून प्लास्टिक रंगाचा थर बसला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून खराब होते. वारसा यादीतल्या इमारतीच्या आसपास काही करायचं असेल तर महापालिकेच्या हेरिटेज सेलला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. पुतळ्याचा विषय निघाला तर त्यासाठी राज्य सरकारची स्वतंत्र नियमावली आहे. नव्या माणसानं पहिल्याच कामात त्या वाटेला जाऊ नये.

आणि तारखा ठरवताना आचारसंहिता लागू आहे का ते बघा. त्या काळात परवानगीचं कामही अडतं आणि उद्घाटनही.

तिसरी पायरी: माणसं जमवा, पण त्यांना ‘काय हवं’ असं विचारू नका

‘इथं काय हवं?’ असं विचारलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं: सीसीटीव्ही आणि पार्किंग. प्रश्न बदला. इथं पूर्वी काय होतं? तुम्ही या कोपऱ्यावर शेवटचं कधी थांबला होतात? नातीला संध्याकाळी इथं एकटीला पाठवाल का?

बैठक हॉलमध्ये घेऊ नका, जागेवरच घ्या. रविवारी संध्याकाळी, मंडळाच्या वीस-पंचवीस खुर्च्या मांडून, चहा ठेवून. तरीही काही माणसं बैठकीला येत नाहीत, त्यांच्याकडे आपण जायचं. बायकांशी दुपारी तीन-चारच्या सुमारास, कामं उरकल्यावर. हातगाडीवाल्यांशी त्यांच्या गाडीपाशी, गिऱ्हाईक नसताना. झाडणकाम करणाऱ्या मावशी आणि कचरावेचक ताईंशी सकाळी, त्या चौकात पोचतात तेव्हा. कचरा कुठे साठतो आणि कोण टाकतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

नदीजवळच्या पेठेतल्या आमच्या दुसऱ्या भिंतीपाशी अशीच बैठक चालू होती. कुणी वारली म्हणत होतं, कुणी झाडं लावा म्हणत होतं, कुणी शिवाजी महाराज. एक आजी मागच्या खुर्चीवर गप्प बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही इथं किती वर्षं आहात? त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या, पदर सावरून हात वर केला आणि तळवा भिंतीवर टेकवला. “पानशेतच्या वेळी पाणी इथवर होतं. मी दहा वर्षांची होते.” त्यांचा तळवा त्यांच्या डोक्याच्याही वर होता. मग दुसऱ्या आजोबांनी सांगितलं, नाही, अजून वीतभर वर. त्यावर दोघांचा वाद झाला, तिसऱ्या घरातून एक काका शिलाई मशीन कसं वाहून गेलं ते सांगायला लागले, आणि पुढचा दीड तास कुणीही घरी गेलं नाही.

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आमच्या भिंतीचा विषय त्या संध्याकाळी ठरला. आजींच्या तळव्याच्या उंचीवर भिंतभर एक निळी रेघ. रेघेच्या खाली लोकांनी सांगितलेल्या वस्तू: पितळी डबा, शिलाई मशीन, शाळेचं दप्तर, उलटं पडलेलं जातं. वर छपरांवर बसलेली माणसं. एकही घोषवाक्य नाही. लोक आजही त्या रेघेशी स्वतःची उंची लावून बघतात.

आपल्या शहरातल्या बहुतेक गल्ल्यांत असं काही ना काही असतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याचा एखादा हौद, बंद पडलेलं थिएटर, आषाढीच्या वेळी पालखीच्या मुक्कामात वारकऱ्यांना जेवू घालणारं अंगण, बुरूड आळीतल्या टोपल्या. बाणेर-बालेवाडीच्या नव्या सोसायट्यांतही असतं. तिथे दहा गावांहून आलेली माणसं असतात, त्यांना आपापल्या गावाच्या नदीचं नाव विचारून बघा. ‘स्वच्छ शहर, सुंदर शहर’ लिहिलेल्या भिंतींचा मला राग नाही, पण त्या भिंती कुठल्याही शहरातल्या असू शकतात. तुमची भिंत तुमच्याच गल्लीत शोभली पाहिजे.

चौथी पायरी: पैसे

इथे थोडक्यात लिहिते. वर्गणी गोळा करायची असेल तर पावतीपुस्तक छापा आणि हिशोब भिंतीजवळच फलकावर लावा. तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी घ्यावी लागते, मंडळं गणपतीत घेतात तीच. सोपा मार्ग म्हणजे नोंदणीकृत मंडळ किंवा सोसायटीच्या खात्यातून व्यवहार करणं. बाक, दिवा, पदपथाची दुरुस्ती अशा कामांसाठी महापालिकेच्या नागरिकांच्या सहभागातल्या अंदाजपत्रकात अर्ज द्या. ही योजना पुण्यात २००६ पासून आहे, अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात आणि काम पुढच्या आर्थिक वर्षात होतं, म्हणून एक वर्ष आधी विचार करावा लागतो. रंगाच्या कंपनीनं किंवा दुकानदारानं मदत देऊ केली तर घ्या, पण त्यांचं नाव कुठे आणि केवढ्या अक्षरात येणार हे आधी लिहून घ्या. मोठा लोगो आला की ती जाहिरात होते आणि आकाशचिन्ह विभागाचा प्रश्न उभा राहतो.

पाचवी पायरी: कलाकार आणि करार

कलाकाराला मानधन द्या. ‘तुमचं नाव होईल’ असं सांगून कुणाकडून चार दिवस उन्हात काम करून घेणं बरोबर नाही. अभिनव कला महाविद्यालय, भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय अशा ठिकाणी शिकणारी मुलं उत्तम काम करतात, पण विद्यार्थी आहेत म्हणून त्यांना फुकट राबवू नका. जुने पाटी-पेंटर शोधा. डिजिटल फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम गेलं, हात मात्र गेलेला नाही. देवनागरी अक्षराचं वळण त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. आमच्या भिंतीवरची तारीख अशाच एका पेंटरकाकांनी एका दमात लिहिली, खाली रेघ न आखता.

दोन पानांचा साधा करार करा. रक्कम, हप्ते, साहित्य कुणाचं, काम किती दिवसांत, चित्र किती वर्षं ठेवायचं, दुरुस्ती कोण करणार, आणि भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची वेळ आली तर कलाकाराला किती दिवस आधी कळवायचं. हे शेवटचं कलम कुणीच घालत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भव्य ब्रॉन्झ भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं गेलं. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५७ चा आधार घेऊन सरकारला ५ लाख रुपये भरपाई द्यायला आणि उरलेलं शिल्प परत करायला सांगितलं. चित्र विकलं, मानधन दिलं, तरी त्याची मोडतोड न होऊ देण्याचा कलाकाराचा हक्क उरतो, हे लक्षात ठेवा.

सहावी पायरी: भिंत तयार करणं

चित्र टिकतं ते इथे. आमच्या हत्तीचे फुगे इथेच आले होते.

आधी ओल तपासा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काढा. आतल्या बाजूनं थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली असली तर आत पाणी आहे. ते कुठून येतं ते शोधा: मागच्या बाजूचा पाइप, कुंड्या, गच्चीचं पन्हाळं, जमिनीतली ओल. आधी ते बंद करा, नाहीतर काम पुढे ढकला. भिंतीला पांढरा लोणा धरला असेल तर कोरडा असतानाच तारेच्या ब्रशनं खरवडून काढा, लगेच पाण्यानं धुवायला जाऊ नका; तो क्षार विरघळून पुन्हा आत जातो. हातोडीच्या दांड्यानं सगळीकडे ठोकत चला. बद्द आवाज आला तिथला गिलावा सुटलेला आहे, तो पाडून नवा करा. नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. गवंडी ‘आठ दिवसांत लावा, काही होत नाही’ म्हणेल. होतं.

भिंतीच्या डोक्यावर उतार देऊन सिमेंटची पट्टी करून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी चित्रावरून न वाहता मागे पडेल. खालची दीड फुटाची पट्टी गडद आणि साधी ठेवा. तिथे गाड्यांचे शिंतोडे उडतात, चेहरे आणि अक्षरं तिथे नकोत.

मग एक्स्टिरियर प्रायमर, मग बाहेरच्या भिंतींसाठीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. हिशोब असा करा: ६० फूट लांब आणि १० फूट उंच भिंत म्हणजे ६०० चौरस फूट. चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण ५०-६० चौरस फूट जातं, म्हणजे नुसत्या पार्श्वभूमीला १० ते १२ लिटर. डब्यावरचा आकडा वाचून ताडून बघा, खडबडीत भिंत जास्त पिते. मुलं रंगात हात घालणार असतील तर डब्यावर शिशाचं प्रमाण बघा; २०१६ च्या नियमांनुसार ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत असायला हवं. पश्चिमेच्या उन्हात झगझगीत गुलाबी आणि पिवळे रंग लवकर उडतात. जुन्या चुन्याच्या गिलाव्याची भिंत असेल तर चुन्यातच गेरू, पिवडी, काव कालवून काम करा. रंग मोजके मिळतात, पण भिंतीला मानवतात.

पुण्यात हे सगळं करायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी भिंतीवरचं दव सुकलं की सुरू करा. एप्रिलमध्ये रंग ब्रशवरच वाळतो आणि मेच्या वळवाचा भरवसा नसतो.

सातवी पायरी: बसायची सोय, सावली, आणि आधीपासून असलेली माणसं

नुसतं चित्र बघून माणूस दहा सेकंदांत पुढे जातो. त्याला थांबवायचं असेल तर टेकायला काहीतरी द्या. बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर ठेवा. म्हाताऱ्या माणसांना उठताना हाताला आधार लागतो, म्हणून निदान एका बाकाला पाठ आणि हात हवेत. पण पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळं सोडा, भारतीय रस्ते काँग्रेसचं मानकही तेच सांगतं. महापालिकेची २०१६ ची रस्ते आराखडा मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती अर्ज करण्याआधी चाळा. त्यातली भाषा अर्जात आली की अभियंते लक्ष देतात. पार बांधताना झाडाच्या बुंध्याशी सिमेंट नेऊ नका, माती उघडी ठेवा. बुंध्याला ऑइलपेंटही नको.

आता विक्रेते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलं आहे, पण कायदा बाजूला ठेवूनही विचार करा: वीस वर्षं त्या कोपऱ्यावर बसणाऱ्या माणसाची ती जागा तुमच्याआधी आहे. दुसऱ्या भिंतीवर आम्ही पेरूवाल्यांना चित्राच्या रेखाटनासकट जाऊन विचारलं, गाडी कुठे लागते? त्यांनी बोटानं दाखवलं. तेवढा साडेपाच फुटांचा पट्टा आम्ही नुसता निळा ठेवला. संध्याकाळी पुरातल्या त्या पाण्यासमोर हिरव्या पेरूंची रास दिसते, आणि पूर किती वर आला होता ते गिऱ्हाइकांना तेच सांगतात.

पहिल्या भिंतीवरच्या काकांना मी नंतर शोधलं. दोन चौक पलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसत होते. माफी मागितली. “तिकडं सावली चांगली होती,” एवढंच म्हणाले.

आठवी पायरी: रंगकामाचे दिवस

मुख्य आखणी कलाकार आणि दोन-तीन अनुभवी माणसांनी आदल्या दिवशी करावी. रेखाटनावर एक इंच म्हणजे भिंतीवर एक फूट असं धरून चौकटी पाडा. ओळंबा लावून उभ्या रेघा, आणि गेरूत बुडवलेली दोरी ताणून सोडून आडव्या. चौकटींना आकडे द्या. मग गल्लीतल्या कुणालाही ‘ब-७ मधला दप्तराचा पट्टा तपकिरी’ असं सांगता येतं. चार फुटांपर्यंतचा भाग मुलांना द्या. बारीक काम नको, भरायला मोठे आकार. सात फुटांच्या वर हौशी माणसं चढवू नका. तिथे नीट बांधलेली परांची, पट्टा, हेल्मेट आणि सवय असलेला माणूसच. ड्रमवर फळी टाकून काम करणाऱ्यांना मी हात धरून खाली उतरवलं आहे. मुलांचे फोटो टाकण्याआधी पालकांना विचारा.

वाहतूक थोडीशीही अडणार असेल तर वाहतूक पोलिसांना आधी पत्र. लाउडस्पीकर नकोच. जेवण गल्लीतल्या घरांतून येऊ द्या. पोहे, खिचडी, ताक, जे असेल ते. ज्या घरातून भांडं आलं ते घर पुढे भिंतीकडे लक्ष ठेवतं. आमच्या दुसऱ्या भिंतीच्या उद्घाटनाची फीत त्या पानशेतच्या आठवणीवाल्या आजींनी कापली. पाहुण्यांना बोलवायला हरकत नाही, पण भाषणं दहा मिनिटांत उरकावीत, कारण मुलांना चित्र दाखवायची घाई झालेली असते.

आणि त्यानंतर

उरलेला प्रत्येक रंग छोट्या बरणीत भरा, शेड नंबर आणि तारीख लिहा, आणि कोपऱ्यावरच्या एखाद्या दुकानदाराकडे ठेवायला द्या. तीन महिन्यांनी पुन्हा वही काढा आणि त्याच वेळांना, तेवढीच मिनिटं उभं राहून पुन्हा लिहा. सकाळी पावणेसातला आजोबा कुठे टेकतात? रात्री साडेदहाला कोण आहे?

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपाशी जा. तळवा टेकवून खालपासून वरपर्यंत चाचपा. जिथे गार आणि चिकट लागेल तिथे खडूनं गोल करा. तो गोल सुकायला दिवाळी उजाडेल, पण जागा लक्षात राहिली पाहिजे.

आमच्या भिंतीवर गेल्या वर्षी दोन गोल होते. एक दप्तरावर, एक रेघेच्या शेवटच्या टोकाला, पेरूच्या गाडीच्या वर. दुसरा आधी पेरूवाल्यांनीच काढून ठेवला होता.